आजीच्या ट्रंकेतल्या जुन्या नोटा : चालतील का, विकता येतील का? (मदत हवी आहे, जरा तातडीने)

निशिगंधा:
जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करा. आजीच्या ट्रंकेत नोटा सापडल्या आहेत. २०१६ साली बंद झालेल्या ५०० आणि १००० च्या मिळून सात, २००० च्या तीन, आणि १००० ची एकच खूप जुनी नोट, आकाराने मोठी, मागे देवळाचं चित्र असलेली. आजी म्हणते, सरकारी नोट आहे, बँक कधी ना कधी घेणारच. घरखर्चातून मागे टाकलेले पैसे आहेत तिचे, त्यामुळे ‘आता नुसते कागद उरले’ असं तोंडावर सांगवत नाही.

मामाने मोठ्या नोटेचा फोटो ऑनलाइन टाकला होता. लगेच एकाचा मेसेज आला, चार लाख देतो म्हणून. रिझर्व्ह बँकेचा लोगो असलेलं पत्रही पाठवलंय. फक्त आधी नोंदणी आणि जीएसटीचे ५,५०० भरा म्हणतोय. मामा आज संध्याकाळी भरणार आहे. मला धास्ती वाटतेय. काय करू?

मोडीवाचक:
ताई, आधी मामांना थांबवा, बाकीचं नंतर वाचा. ही फसवणूकच आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय. नाव आणि लोगो वापरून पैसे उकळणाऱ्यांबद्दलच तो इशारा होता. खरा घेणारा तुम्हाला पैसे देईल, तुमच्याकडून आधी मागणार नाही.

कोर्टकचेरी:
मोडीवाचकांशी सहमत. आता नोटांचं.

२००० ची नोट १९ मे २०२३ ला चलनातून मागे घ्यायचं जाहीर झालं, पण ती रद्द झालेली नाही. कायद्याने अजूनही वैध आहे. बँकांच्या शाखांतली मुदत ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली, म्हणून शाखेत परत पाठवतात. रिझर्व्ह बँकेच्या १९ इश्यू ऑफिसांत (नोटांचं काम पाहणाऱ्या तिच्या कार्यालयांत) मात्र ती घेतात. आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूर. म्हणजे आजींचे सहा हजार वाचले, हे त्यांना आधी सांगा.

२०१६ च्या सात नोटांचं मात्र काही होणार नाही. मुदत केव्हाच संपली. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा दहापर्यंत नोटा जवळ ठेवता येतात, अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी २५ पर्यंत. त्याहून जास्त सापडल्या तर दंड किमान दहा हजार. तुमच्या सात आहेत, काळजी नको. पण कायद्यात बाळगण्याबरोबर देण्याघेण्यालाही मनाई आहे, तेव्हा ‘विकून टाका’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

हौशी संग्राहक:
मोठ्या नोटेवरचं देऊळ तंजावरचं बृहदीश्वर. ही मालिका १९५४ ची. जानेवारी १९७८ मध्ये मोरारजी सरकारने १०००, ५००० आणि १०,००० च्या नोटा रद्द केल्या, त्यात ही गेली. चलन म्हणून किंमत शून्य. संग्राहकांना मात्र ती हवी असते. घडी, टाचणीची भोकं, डाग, गव्हर्नरची सही कोणाची, यावर भाव ठरतो, त्यामुळे फोटो पाहून चार लाख सांगणारा खोटाच. कृपा करून ती धुऊ नका, इस्त्री करू नका, लॅमिनेट तर अजिबात नको.

कोर्टकचेरी:
त्यात भर : १९७८ च्या कायद्यातही हस्तांतराला मनाई होती. विकायचंच असेल तर आधी वकिलाला विचारा.

निशिगंधा:
खूप खूप आभार. मामाने पैसे भरले नाहीत! एकच शंका, आजीला मुंबईचा प्रवास झेपणार नाही. २००० च्या नोटांसाठी तिने स्वतः जायला हवं का?

कोर्टकचेरी:
नाही. कुठल्याही पोस्टातून इश्यू ऑफिसला पाठवता येतात, रक्कम आजींच्या बँक खात्यात जमा होते. अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि खात्याचा तपशील सोबत जोडा. पाकीट विमा उतरवून पाठवा आणि पावती जपून ठेवा. तो मेसेजवाला पुन्हा आला तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, मेसेज पुसू नका.