प्रति: घरून काम करणाऱ्यांवर लक्ष कसं ठेवायचं?

वर एकांनी विचारलंय, घरून काम करणारा माणूस खरंच आठ तास बसतो का, हे कसं कळणार? अहो, दादरच्या ऑफिसात समोर बसलेला तरी कुठे बसतो? विरार लोकलला लटकून आलेल्याचा पहिला तास चहातच जातो.

आमचं जीएसटी रिटर्न भरायचं छोटं काम. सहा जण, त्यातले दोघे चिपळूण आणि सांगलीहून. स्क्रीनचे फोटो काढणारं सॉफ्टवेअर महिनाभर लावून पाहिलं. चिपळूणची मुलगी जाम दुखावली, आणि काम तिचंच सगळ्यात चोख! ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. आता सकाळी दहाला एक फोन, संध्याकाळी शीटवर किती फायली हातावेगळ्या झाल्या तेवढं. शिवाय दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० ला ३बी (कराचा गोषवारा) भरायची मुदत, तिथे कुणी लपूच शकत नाही.

माणूस कामावर घेण्याआधी पंधरा दिवस पैसे देऊन काम करून घ्या. मुलाखतीत सगळेच हुशार असतात. पावसात वीज किती वेळ जाते तेही विचारा. चिपळूणला इन्व्हर्टर शेवटी आम्हीच घेऊन दिला.

आणि हो, माणूस घरी बसला म्हणून व्यवसाय कर (पगारातून कापून राज्य सरकारला भरायचा) सुटत नाही. पगार दहा हजारांवर (बायकांना पंचवीस हजारांवर) गेला की महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००.