टर्मिनेटर-२: तुम्ही नेमका कुठला पाहिलात? खान्देशकरांचे अनुभव

जळगाव (धागा सुरू करताना)

राम राम मंडळी. मागे साक्रीला एका लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीतच दोन साडूंची जुंपली. एक म्हणे, टर्मिनेटर-२ मध्ये तो पाऱ्याचा पोलीस कुत्र्याला मारतो आणि त्याच्या गळ्यातला पट्टा वाचतो. दुसरा म्हणे, असा सीनच नाही, मला पिक्चर तोंडपाठ आहे. वाढपी तुपाचं भांडं घेऊन खोळंबला, पण दोघं मागे हटेनात.

दोघंही खरंच बोलत होते. (न पाहिलेल्यांसाठी: या इंग्रजी सिनेमात भविष्यातून दोन यंत्रं येतात. पोलिसाच्या वेषातला, पाऱ्यासारखा वितळणारा टी-१००० जॉन नावाच्या पोराला मारायला, आणि श्वार्झनेगर त्याला वाचवायला. सारा ही जॉनची आई.) जुलै १९९१ मध्ये थिएटरला लागलेला सिनेमा १३७ मिनिटांचा. त्यात कुत्रा फक्त फोनवर भुंकताना ऐकू येतो. पुढे १९९३ मध्ये लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी चकती) आणि नंतर डीव्हीडीवर जी विशेष आवृत्ती आली, ती अडीच तासांच्याही वर जाते. कुत्र्याचा सीन त्या आवृत्तीत आहे. शिवाय साराला पडणारं काईल रीसचं (पहिल्या भागातला जॉनचा बाप) स्वप्न आहे, श्वार्झनेगरच्या डोक्यातली चिप काढायचा प्रसंग आहे, आणि पोरगा यंत्राला हसायला शिकवतो तेही आहे.

म्हणून विचारतो. तुम्ही कुठला पाहिलात, कुठे, कशावर? आणि १९८४ च्या पहिल्या भागापेक्षा हा सरस आहे का? हिंदी डब पाहिलेल्यांनीही बिनधास्त लिहा.

शिंदखेडा

आम्ही पाहिला तो मळ्यात. थंडीत भरताची पार्टी ठरली की तालुक्याहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीडी प्लेअर भाड्याने आणायचा. सोबत हिंदी पिक्चर आणि एखादा इंग्रजी, 'मारामारीचा दे' म्हणून मागितलेला. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजून, बडगीत ठेचून, फोडणी पडेस्तोवर हिंदी उरकायचा. जेवणं झाली की इंग्रजी.

तो पोलीस दवाखान्यातल्या गजांच्या दारातून आरपार निघतो. अंग निघतं, पण हातातलं पिस्तूल गजांना आडवं लागतं. मग तो मनगट वळवून ते उभं करतो आणि काढून घेतो. आमचा सालदार ताट खाली ठेवून उभाच राहिला. ‘हाऊ मानूस शे का भूत शे रे भो?’ परत लाव, परत लाव असं चाललं. व्हीसीडीवर मागे जायचं म्हणजे नुसते चौकोन पळताना दिसायचे, अंदाजानेच थांबायचं. एकदा तर फार मागे जाऊन वाळवंटात पोचलो, नाही, वाळवंट नंतर येतं, कालव्यातल्या ट्रकवर पोचलो. दुसरी चकती लागली तोवर निम्मे लोक घोंगडीत गेले होते.

इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, आणि कोणाचं अडलंही नाही. एक मारायला आलाय, एक वाचवायला आलाय, एवढं कळलं की झालं. शेवटी वितळलेल्या लोखंडात जाताना तो अंगठा वर करतो, तेव्हा सालदारासकट सगळे गप्प. सालदार रात्रीच्या लाइटीवर पाण्याची पाळी धरायला गेला तोही उशिरानेच.

जळगाव, पूर्वी सीडी लायब्ररी चालवणारे

धंद्याची बाजू सांगतो. व्हीसीडीच्या एका चकतीत ७४ ते ८० मिनिटं मावायची, म्हणून हा पिक्चर दोन चकत्यांचा. चित्र फक्त ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. हिंदी गाण्यांना ते चालून जायचं, कारण उजेड भरपूर. टर्मिनेटर-२ मात्र अर्धाअधिक रात्रीचा आणि निळा. सुरुवातीचं २०२९ चं युद्ध, कवट्यांचा खच, सगळं काळ्या ठोकळ्यांत बुडायचं. गिऱ्हाईक म्हणे, चकती खराब आहे, बदलून दे. मी आतून बाहेरच्या कडेकडे सरळ रेघेत पुसायचो (गोल गोल पुसलं तर चरा ट्रॅकच्या दिशेने पडतो आणि मग ती चकती कामातून जाते) आणि तीच परत द्यायचो. समाधान!

डीव्हीडी आल्यावर नवी तक्रार. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात, म्हणजे पिक्चर कापलाय. आता इथे गंमत आहे. एरवी पट्ट्यावालं चित्रच पूर्ण असतं, आणि टीव्हीभर पसरलेल्या चित्राच्या बाजू उडालेल्या असतात. पण दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनने हा सिनेमा सुपर ३५ पद्धतीने चित्रित केलाय. फिल्मवर वर-खाली जास्तीचं चित्र होतं. त्यामुळे टीव्हीभर पसरणाऱ्या प्रतीत बऱ्याच साध्या दृश्यांत पट्ट्यावाल्या प्रतीपेक्षा वर-खाली जास्त दिसतं. संगणकाची करामत असलेल्या दृश्यांत मात्र बाजू कापल्या जातात. हे गिऱ्हाइकाला समजावत बसलो असतो तर दुकान कधीच बंद झालं असतं. मी म्हणायचो, रिमोटवरचं झूम दाबा.

चाळीसगाव

आम्ही दुसराच पाहिला, पहिला अजून पाहिलेला नाही. काही बिघडलं नाही.

अमळनेर, निवृत्त शिक्षिका

मुलाने डीव्हीडी आणली होती, ती विशेष आवृत्तीचीच असणार, कारण चिपचा प्रसंग मला पक्का आठवतो. मारामारीचे पिक्चर मी बघत नाही. हा बघितला तो त्या सारासाठी.

दवाखान्यात पलंग उभा करून त्याच्या पायाला लोंबकळत ती व्यायाम करते, तिथपासून मी टीव्हीसमोरून हलले नाही. सारा झालेल्या लिंडा हॅमिल्टनच्या दंडांवर सगळे बोलतात. मला लक्षात राहिली ती वेगळीच जागा. पोरगा जिवावर उदार होऊन तिला सोडवतो. गाडीत ती त्याला जवळ ओढते, पोराला वाटतं आई कुशीत घेतेय. ती हातांनी चाचपत असते, कुठे गोळी लागली का! आणि मग रागावते, माझ्यासाठी यायचंच नव्हतं म्हणून. आपल्या पडद्यावरच्या आया अशा प्रसंगी पदर डोळ्यांना लावतात. ही हिशेब करते. पोरगा जगला तर माणसं जगतील, एवढंच तिच्या डोक्यात, आणि त्यापायी ती पोराला विसरलेली आहे. ज्याच्या शोधातून पुढे ही यंत्रं होणार त्या डायसनच्या घरात त्याला मारायला जाते, त्याचा लहान मुलगा बापाच्या आड येतो, तेव्हा कुठे तिचे हातपाय गळतात. तोवर ती स्वतःच यंत्र झालेली असते. यंत्र इकडे माणसासारखं वागायला शिकतंय आणि बाई तिकडे यंत्र होतेय, हे मला फार नेमकं वाटलं.

चिपच्या प्रसंगात ती चिप फोडायला हातोडा उचलते आणि पोरगा आडवा येतो. सगळे पोराच्या बाजूने असतात. मी नव्हते. तिने जे पाहिलंय ते पाहिलेल्या बाईने हातोडा उचलायलाच हवा. हा प्रसंग थिएटरच्या प्रतीत नाही हे आत्ता वरती वाचलं. मग त्या प्रेक्षकांनी अर्धी सारा पाहिली म्हणायची.

धुळे, पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त

नोकरीभर कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचे जार वाहिले, कधी जीपमधून, कधी मोटारसायकलला बांधून. तापमान उणे १९६ अंश. त्यामुळे शेवटी नायट्रोजनचा टँकर फुटतो तो सीन मी वेगळ्याच डोळ्यांनी बघतो.

जारचं झाकण उघडलं की पांढरं धुकं येतं. ते नायट्रोजनचं नसतं, हवेतलं बाष्प थिजून झालेलं असतं. सांडलेला नायट्रोजन फरशी ओली करत नाही. थेंब टणाटण पळतात आणि उडून जातात, कारण थेंबाखाली त्याच्याच वाफेचा थर तयार होतो. हाच थर थंडी पोचायला आडकाठी करतो. साधी वीर्याची कांडी बुडवली तरी आधी भोवती उकळी फुटते, मग ती शांत होते. पडद्यावर तो टी-१००० चार पावलांत आखडतो, बूट जमिनीला चिकटतो, पाय घोट्यातून तुटतो, हात टेकवला तर तोही तुटतो. माणसाएवढा धातूचा गोळा इतक्या झटपट गोठणार नाही. घरात मी हे बोललो तर मंडळी म्हणाल्या, ‘भविष्यातून आलेला पाऱ्याचा माणूस पटला, आणि नायट्रोजन तेवढा पटला नाही?’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण विशेष आवृत्तीची बाजू मी घेतो. तुकडे वितळून तो परत उभा राहिल्यावर बिघडलेला दाखवलाय. रेलिंग धरलं की हातावर रेलिंगचेच काळे-पिवळे पट्टे उमटतात, पाय जमिनीत मिसळायला लागतात. म्हणजे गोठल्याचा परिणाम राहिलाच. थिएटरच्या प्रतीत हे गाळलं, त्यामुळे नायट्रोजनचा सगळा खटाटोप वायाच गेल्यासारखा वाटतो. मग टँकर फोडला कशाला?

भुसावळ, रेल्वेत

आमची डीव्हीडी शालकाने अमेरिकेहून आणलेली, २००० साली निघालेली अल्टिमेट एडिशन. घरच्या प्लेअरने सरळ नकार दिला. डीव्हीडीला प्रदेशाचं कुलूप असतं, अमेरिकेचा प्रदेश १, आपला ५. शेवटी एका दुरुस्तीवाल्याने रिमोटवर आकडे दाबून प्लेअरचं कुलूप काढलं, चहासुद्धा घेतला नाही.

याच डिस्कवर एक छुपा दरवाजा आहे. विशेष आवृत्तीच्या मेनूवर रिमोटने ८, २, ९, ९, ७ दाबायचं. २९ ऑगस्ट १९९७, सिनेमातला जगबुडीचा दिवस, अमेरिकन पद्धतीने लिहिलेला. मग आणखी लांब आवृत्ती उघडते आणि वेगळा शेवट दिसतो. म्हातारी सारा बागेत बसलीय, जॉन सिनेटर झालाय, नात खेळतेय, तो दिवस नुसताच येऊन गेला. मी आकडे दाबले, बघितलं, आणि सरळ सांगतो, आवडलं नाही. थिएटरमधला शेवट, रात्रीचा रस्ता, गाडीच्या उजेडात पळणारे पट्टे आणि साराचा आवाज, त्यातली धाकधूक या बागेने घालवली. कॅमेरॉनने तो कापला हे बरंच केलं.

आवाजाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. चार ऑस्करांपैकी दोन आवाजासाठीच मिळाली आहेत (उरलेली दोन दृश्यकरामतीला आणि रंगभूषेला). शिंदखेड्याच्या दादांनी लिहिलेला तो गजांमधून निघायचा आवाज सिनेमाचे आवाज घडवणाऱ्या गॅरी रायडस्ट्रॉमने कसा काढला असेल? कुत्र्याच्या खाण्याचा डबा उलटा धरला आणि आतला लगदा सावकाश घसरताना ध्वनिमुद्रित केला. टीव्हीच्या टिनपाट स्पीकरवर हे कळत नाही. घरी पाच स्पीकर लावले तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि शेजाऱ्यांनाही कळलं.

नंदुरबार

इथे सगळे आरती ओवाळत आहेत म्हणून थोडं मीठ टाकतो. पहिलाच सरस. १९८४ मध्ये साठ-सत्तर लाख डॉलरांत काढलेला, आणि हा दुसरा दहा कोटींच्या घरात. पहिल्यात श्वार्झनेगर दारात उभा राहिला की पोटात गोळा यायचा. दुसऱ्यात त्याला पाळीव केलंय. माणसं मारू नकोस असं पोराने सांगितलं की हा पहारेकऱ्याच्या गुडघ्यात गोळी घालतो आणि म्हणतो, जगेल. विनोद म्हणून ठीक. पण भीती गेली ती गेलीच.

आणि रहस्याचं तर मातेरंच झालं. कॅमेरॉनने सुरुवातीचा बराच वेळ जपून ठेवलंय की कोण मारायला आलाय आणि कोण वाचवायला. मॉलच्या मागच्या बोळात गुलाबांच्या खोक्यातून बंदूक निघते, पोरगा मधोमध, तेव्हा कळायला हवं. आम्ही आणलेल्या डिस्कच्या कव्हरवर मागे तेच छापलेलं! हिंदी डबच्या जाहिरातीतही तेच. पंगतीतल्या त्या दोन साडूंना पहिल्यांदा बघताना आधी माहीत होतं की नव्हतं, ते विचारा.

रावेर, सध्या पुण्यात

नंदुरबारचे दादा, रहस्याचं पटलं, भीतीचं नाही. टी-१००० झालेल्या रॉबर्ट पॅट्रिकला धावताना बघा. धाप लागत नाही, तोंड उघडत नाही. अंगाने किरकोळ माणूस, म्हणून जास्त भीती वाटते.

मी नव्या पिढीतला, लहानपणी केबलवर हिंदीत पाहिला, नंतर ब्लू-रे घेतली. २०१७ मध्ये थ्रीडीसाठी सिनेमा नव्याने साफ केला आणि त्यावरूनच फोर-के डिस्क निघाली. ती घेणार असाल तर आधी विचार करा. फिल्मचा दाणा घालवण्याच्या नादात चेहऱ्यावरची कातडीही गेलीय. सगळे मेणाचे दिसतात. टी-१००० ला शोभतं ते, साराला नाही. जुनी डीव्हीडी कमी स्वच्छ आहे, पण माणसं माणसांसारखी दिसतात.

अमळनेरच्या मॅडम, चिपच्या प्रसंगाची गंमत सांगतो. आरशासमोर बसवून त्याच्या डोक्यातून चिप काढतात ना? तिथे आरसाच नाही. भिंतीला भोक आहे. पलीकडे खरा श्वार्झनेगर आणि खरी लिंडा, अलीकडे पाठमोरा पुतळा आणि पाठमोरी तिची जुळी बहीण लेस्ली. दोघी बहिणी एकाच वेळी सारख्या हालचाली करतात. संगणकाचा यात काहीच संबंध नाही. इतका गाजावाजा झाला तरी अख्ख्या सिनेमात संगणकाने केलेली दृश्यं मिळून पाचेक मिनिटांचीच आहेत. पोलिसाच्या छातीवर उमटणाऱ्या गोळ्यांच्या चकचकीत खुणासुद्धा बहुतेक सिनेमाचे पुतळे-मुखवटे बनवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यात हाताने बनवलेल्या.

अमळनेर, निवृत्त शिक्षिका

माय वं! म्हणजे मी बहिणीच्या पाठीकडे बघत होते. मुलाला आजच फोन करते, डिस्क त्याच्याकडेच आहे. पुतळ्याची मान हलते का बघायचंय.

चोपडा, शाळेत विज्ञान शिकवतो

धुळ्याचे काका, थोडं विषयांतर. प्रदर्शनात पोरांना टी-१००० दाखवायचाय. थर्मासभर नायट्रोजन मिळेल का?

धुळे, पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त

मिळवू, पण एकट्याने करू नका, मी येतो. गुलाबाचं फूल बुडवून टेबलावर आपटलं की काचेसारखं फुटतं, पोरं खूश होतात. वर्गाची दारं-खिडक्या सताड उघडी हवीत, कारण त्याचा वायू झाला की खोलीतला प्राणवायू कमी पडतो आणि वास येत नसल्याने कळतही नाही. थर्मासचं झाकण घट्ट लावायचं नाही, आतल्या दाबाने फुटेल. आणि पहिल्या बाकावरच्या पोरांना आधीच मागे सरकवून ठेवा.