गावठी बोरीवर उमराणचा डोळा भरता येईल का? (सोलापूर)

अंगणकरी:
होटगी रस्त्याकडचा प्लॉट, दीड फुटावर मुरूम, बोअरचं पाणी क्षारट. कुंपणाशी आपोआप उगवलेली गावठी बोर आहे, बुंधा मनगटाएवढा. फळ बारीक, आंबट, निम्मं किडकं. उपटून उमराणचं (मोठ्या फळाची कलमी बोर) रोप लावू, की यावरच डोळा भरू, म्हणजे उमराणच्या फांदीवरचा डोळा सालीसकट यावर बसवून कलम करू? मार्चअखेर चालू आहे.

मुरमाड:
उपटू नका हो. जागेवर उगवलेल्या बोरीचं सोटमूळ मुरमात खोल गेलेलं असतं. पिशवीतल्या रोपाचं तळाशी गुंडाळी होऊन बसतं, आणि मे महिन्यात तेच अंगाशी येतं.

एप्रिलमध्ये बुंधा जमिनीपासून फूटभर ठेवून करवतीने तिरपा कापा, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. धुमारे डझनभर येतील. जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे काढा. जून-जुलैत ते पेन्सिलीएवढे झाले की ठिगळ पद्धत: इंचभर उंच, अर्धा इंच रुंद साल काढायची, तेवढंच उमराणचं डोळ्यासकट ठिगळ बसवायचं, डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. साल लाकडाला चिकटून राहिली तर घाई नको. चांगला पाऊस होऊन रस चढला की ती सहज सुटते. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला तर वरचा शेंडा छाटा. खालून गावठी फुटवे येतच राहणार, ते खुडत राहा. दुर्लक्ष झालं की उमराण दबते आणि पुन्हा तीच आंबट बोरं.

शेवंता:
डोळा भरून कीड जाणार नाही, दादा. ती फळमाशीची अळी. फळातून निघून मातीत कोषात जाते, म्हणून पडलेली बोरं रोज वेचून खोल पुरा आणि एप्रिल-मेमध्ये झाडाखालची माती ३-४ इंच उकरून उन्हात तापू द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळांवर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. भर दुपारी फवारू नका, पानं करपतात.

अंगणकरी:
पाणी? छाटणी? आणि डोळ्यासाठी उमराणची काडी कुठली आणू?

मुरमाड:
क्षारट पाणी बोर बऱ्यापैकी सोसते. पहिल्या वर्षी पावसाने ओढ दिली तर आठ-दहा दिवसांनी एक बादली. पुढे फळं धरल्यावर दोन-तीनदा भरपूर पाणी, पिकायला लागली की बंद. उन्हाळ्यात पानं गळाली तर घाबरून पाणी ओतू नका, झाड विश्रांतीत असतं. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून दर वर्षी मेच्या मध्याआधी छाटणी हवीच.

काडी ज्या झाडाचं फळ खाऊन पाहिलंय त्याचीच. पानं कापा, देठ ठेवा, ओल्या फडक्यात गुंडाळून आणा आणि त्याच दिवशी भरा.