[मंडळ-यादी] विषय: शहराकडून मिळणारं भाजीपाल्याचं कार्ड, कोणी अर्ज केला आहे का?

प्रेषक: सचिव, मंडळ

सप्रेम नमस्कार,

एका सभासद कुटुंबाच्या वतीने हे लिहिते आहे. नाव देणार नाही, आणि कृपया कोणी अंदाज बांधत बसू नये. सिएटलमध्ये नॉर्थगेटच्या बाजूला भाड्याने राहतात, मुलगी तीन वर्षांची आहे. नवऱ्याची नोकरी गेली आहे, बायको पाळणाघरात अर्धवेळ काम करते. ग्रीनकार्डचा अर्ज प्रलंबित आहे. जे येतं ते भाड्यात जातं आणि महिनाअखेरीस भाजी-फळांनाच कात्री लागते. सिएटल शहराचं ‘फ्रेश बक्स’ नावाचं कार्ड असतं असं त्यांना कळलं. ते त्यांना मिळू शकेल का, आणि घेतलं तर ग्रीनकार्डला बाधा येईल का, हे दोन प्रश्न आहेत. माहितगारांनी लिहावं.

– सचिव

*

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, बेलव्ह्यू

सचिवताई,

वाचून वाईट वाटलं. माझं स्पष्ट मत सांगतो. अर्ज प्रलंबित असताना सरकारची कुठलीही मदत घेऊ नये. आम्ही नव्वदच्या दशकात आलो तेव्हापासून वकील हेच सांगत आलेत. थोड्या भाजीसाठी इतक्या वर्षांची वाट पाहणं पणाला का लावायचं? त्यापेक्षा मंडळाने तांदूळ, डाळ, पीठ गोळा करून त्यांच्या घरी पोचवावं. आपलं माणूस उपाशी राहता कामा नये. शंभर डॉलर माझ्याकडून आजच धरा.

दुसरं, अशा योजना खऱ्या गरिबांसाठी असतात. आज ना उद्या नोकरी लागेल अशा शिकल्यासवरल्या माणसांनी त्यांच्या वाट्याचं घ्यावं का, हेही मनात येतं.

*

प्रेषक: एक सभासद, बॅलार्ड (फूड बँकेत स्वयंसेवक)

काका, नमस्कार.

तुमच्या शंभर डॉलरबद्दल मनापासून आभार. धान्य गोळा करण्याबद्दल पुढे लिहिलंय. पण आधी तुमची भीती, कारण ती या यादीवरच्या पुष्कळ जणांच्या मनात आहे आणि तिच्यापायी लोक अर्धपोटी राहतात.

ग्रीनकार्डच्या वेळी ‘पब्लिक चार्ज’ म्हणून, म्हणजे माणूस पुढे सरकारवर अवलंबून राहील का हे, जे तपासतात त्याचा नियम डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. घेतलेल्या सरकारी मदतीपैकी त्यात दोनच गोष्टी मोजतात: घर चालवण्यासाठी सरकारकडून मिळणारी रोख मदत, आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं. अन्नाची मदत त्यात धरत नाहीत. फूड स्टँप (कमी उत्पन्नाच्या घरांना किराण्यासाठी मिळणारी केंद्राची मदत) नाही, शाळेतलं जेवण नाही, बाळंतिणी आणि लहान मुलांसाठीचं ‘विक’ही नाही. फ्रेश बक्स तर केंद्र सरकारचं नाहीच, ते सिएटल शहराचं आहे, आणि अर्जात इमिग्रेशनचा दर्जा विचारत नाहीत. मात्र २०२२चा नियम रद्द करण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने मांडला आहे. म्हणून या कुटुंबाने आपल्या वकिलाला एक ओळीची ईमेल टाकून लेखी उत्तर घ्यावं. प्रश्न नेमका विचारायचा: ‘शहराच्या पैशातून मिळणारं, फक्त भाजी-फळांसाठीचं कार्ड घेतलं तर आमच्या अर्जावर काही परिणाम होतो का?’ ‘सरकारी मदत घेऊ का’ असं मोघम विचारलं तर कुठलाही वकील नकोच म्हणेल.

आता ‘गरिबांच्या वाट्याचं’ या मुद्द्याबद्दल. या कार्डाची उत्पन्नमर्यादा परिसरातल्या मधल्या उत्पन्नाच्या ८० टक्के आहे. ती मुद्दाम इतकी वर ठेवली आहे, कारण सिएटलचं भाडं भरून हातात काय उरतं ते शहराला ठाऊक आहे. अर्धवेळ पगारावर चालणारं तिघांचं घर त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली येतं. हे कुटुंब कोणाच्या वाट्याचं घेत नाहीये, ते त्या वाट्यातच आहे. आणि पैसा येतो कुठून? २०१८ पासून सिएटलमध्ये साखर घातलेल्या पेयांवर औंसामागे पावणेदोन सेंट कर आहे, म्हणजे दोन लिटरच्या बाटलीला साधारण १ डॉलर १८ सेंट. संक्रांतीच्या कार्यक्रमाला शहरातल्या दुकानातून सोड्याच्या बाटल्या आणल्या, त्यांच्या किमतीत तोही आलाच.

योजना तशी २०१२ची आहे. सुरुवातीला ती फूड स्टँपवाल्यांसाठीच होती: शेतकरी बाजारात जेवढं खर्च कराल तेवढंच शहर वर घालायचं. पुढे ती फूड स्टँप न मिळणाऱ्यांनाही खुली झाली, आणि आमच्यासारख्या व्हिसावरच्या लोकांच्या दृष्टीने हाच बदल महत्त्वाचा. आता कार्डावर दर महिन्याला रक्कम जमा होते. ती आधी ४० डॉलर होती, आता ६० झाली. शहरातली सेफवे सुपरमार्केटं, शेतकरी बाजार आणि काही छोटी वाणसामानाची दुकानं, एवढ्या ठिकाणी चालतं. महिन्यात संपवलं नाही तर उरलेली रक्कम पुढे सरकत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात बटाटे, कांदे, कोबी असं टिकाऊ घेऊन ठेवावं.

काका, धान्य गोळा करण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, राग मानू नका. मी दर आठवड्याला फूड बँकेत उभी असते. आपली माणसं येतात. ओळखीचं कोणी दिसलं तर मागे फिरतात, म्हणून मी मुद्दाम आतल्या बाजूला डबे लावत बसते. आमच्या शेल्फवर ट्युना, बीफ घातलेली चिली, मांसाचा पास्ता सॉस भरपूर असतो. मागच्या महिन्यात एक शाकाहारी आजी एकेक डबा डोळ्यांशी धरून मागचं बारीक अक्षर वाचत होत्या आणि परत ठेवत होत्या. घेवड्याच्या डब्यातही चरबी निघाली. शेवटी पिशवीत गेलं ते तांदूळ, शेंगदाण्याचं लोणी आणि तीन संत्री. फूड बँक मनापासून काम करते, तिला नावं ठेवायची नाहीत. पण दान आलेल्या मालातून आपलं जेवण उभं राहत नाही. कार्डाने राहतं. त्याच आजी पालक, फ्लॉवर, लिंबं, आलं, हिरव्या मिरच्या स्वतः निवडून घेतील, आणि काउंटरवरच्या मुलीला त्यात काही वेगळं वाटणारही नाही. मार्च २०२० मध्ये साथ आली तेव्हाही शहराने ६,२५० कुटुंबांना प्रत्येकी ८०० डॉलरची सेफवेची व्हाउचरं दिली होती, धान्याची पोती नव्हे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी फ्रेश बक्सचा अभ्यास केला, तेव्हा कार्ड मिळालेल्या घरांत पुरेसं अन्न असण्याचं प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त दिसलं. मला त्याचं नवल वाटलं नाही.

सचिवताई, त्या कुटुंबाला दोन गोष्टी सांगा. कार्डासाठी प्रतीक्षायादी असू शकते, तेव्हा अर्ज आजच टाकावा, गरज आणखी वाढायची वाट पाहू नये. आणि मुलगी पाच वर्षांखालची आहे, तर ‘विक’साठी आधी फोन करावा. तिथे दूध, अंडी, कडधान्यं, भाजी-फळं मिळतात आणि इमिग्रेशनचा दर्जा विचारत नाहीत.

*

प्रेषक: एक सभासद, रेडमंड

ताई, फार उपयोगाची माहिती. पण आपले निम्म्याहून अधिक लोक इकडे लेक वॉशिंग्टन तळ्याच्या पूर्वेला, रेडमंड, बेलव्ह्यू, समामिश, बॉथेलला राहतात. आम्हाला हे कार्ड मिळतं का? आमच्या इमारतीतही दोन घरी नोकऱ्या गेल्यात. शिवाय सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांच्या नावाने अर्ज चालतो का?

*

प्रेषक: एक सभासद, बॅलार्ड

नाही मिळत. सिएटल शहराच्या हद्दीतच राहायला हवं. इथे पुष्कळ जण फसतात, कारण शोरलाइन, व्हाइट सेंटर, स्कायवेच्या काही पत्त्यांवर पोस्ट ‘सिएटल’ लिहितं, पण ती घरं हद्दीबाहेर आहेत. शहराच्या संकेतस्थळावर पत्ता घालून आधी खात्री करा. तुमच्या बाजूला होपलिंक या संस्थेची अन्नकेंद्रं आहेत. तिथे दुकानासारखं फिरून स्वतः निवडता येतं, त्यामुळे शाकाहारी घराची अडचण बरीच कमी होते. शाळेत जाणारी मुलं असतील तर उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या किराण्यासाठी मिळणारं ‘सन बक्स’ही बघा, पात्र मुलामागे १२० डॉलर.

पाहुणे म्हणून आलेल्या सासू-सासऱ्यांच्या नावाने अर्ज करू नये, असं मी स्वच्छ सांगेन. त्यांचा खर्च आपण करू असं सांगूनच आपण त्यांना बोलावलेलं असतं.

एका रस्त्याच्या अलीकडच्या घराला भाजी मिळावी आणि पलीकडच्याला नाही, हे मला मनापासून खटकतं. पूर्वेकडच्या शहरांनीही असं काही सुरू करावं म्हणून नगरपरिषदेच्या सभेत आपण बोललं पाहिजे. तिथे येणाऱ्याला दोन-तीन मिनिटं बोलता येतं. नागरिक असण्याची अट नाही. काका, तुम्ही बेलव्ह्यूत इतकी वर्षं आहात, तुमचा शब्द तिथे ऐकला जाईल.

*

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, बेलव्ह्यू

ताई, सविस्तर लिहिलंत, बरं झालं. वकिलाचं लेखी उत्तर घ्यावं हे पटलं, आणि ते येईपर्यंत थांबावं हे माझं म्हणणं कायम आहे. नगरपरिषदेत मी बोलेन. मुद्दे लिहून द्या, इंग्रजीतून दोन मिनिटांत बसतील असे. आणि माझे शंभर डॉलर धान्यासाठी नकोत, तुम्हाला योग्य वाटेल तसे वापरा.

*

प्रेषक: सचिव, मंडळ

कार्यकारिणीशी बोलून ठरवलं ते कळवते. काकांचे शंभर आणि संक्रांतीच्या कार्यक्रमातून उरलेली शिल्लक मिळून भारतीय किराणा दुकानाची भेटकार्डं घेतली आहेत. हद्दीबाहेरच्या सभासदांना ती आधी मिळतील, आणि नॉर्थगेटच्या कुटुंबाला शहराचं कार्ड येईपर्यंत. मागणी या यादीवर करू नये. मला किंवा बॅलार्डच्या ताईंना थेट लिहावं. नाव आम्हा दोघींपलीकडे जाणार नाही, हिशोबात फक्त रक्कम दिसेल. फ्रेश बक्स आणि ‘विक’चे अर्ज भरायला या रविवारी दुपारी दोनपासून ताई फोनवर असतील. भाडेकरार किंवा विजेचं बिल, आणि अलीकडच्या पगाराची पावती जवळ ठेवा. वकिलाचं उत्तर आलं की त्या कुटुंबाच्या परवानगीने, नाव वगळून, इथे टाकते.

– सचिव