'जीवनमान' विचारलं की लोक घर-रान का सांगतात?

गोदाकाठ : परभणी-हिंगोलीच्या गावांत अपंग व्यक्तींना वाचून दाखवायच्या प्रश्नावलीचा मसुदा आहे. मूळ संच जागतिक आरोग्य संघटनेचा : २६ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. पहिलाच प्रश्न, 'तुमचे जीवनमान कसे आहे?' लोक घर, रान, रेशनकार्ड सांगतात. दुसरा शब्द सुचवा.

बालाघाट : जीवनमान, राहणीमान बाहेरून मोजतात. पत्रा की स्लॅब, नळ आहे का. इथं ज्याचं त्याला काय वाटतं ते हवंय. पैसा, घर, दवाखाना, प्रवासाची सोय वगैरेंचे ८ प्रश्न संचाच्या 'परिसर' या भागात येतातच. 'जीवनाची गुणवत्ता' लिहा.

मांजराकाठ : लातुरात 'गुणवत्ता' म्हटलं की दहावी-बारावीची यादी आठवते, भाऊ. 'एकंदर कसं चाललंय?' पुरे.

बालाघाट : त्याला उत्तर ठरलेलं, 'बरं चाललंय'. तो रामराम झाला. आणि 'बरं' ३ मध्ये टाकायचं की ४ मध्ये? ३ म्हणजे धड वाईट नाही, धड चांगलं नाही.

मांजराकाठ : आजारी माणसाला 'बरं वाटलं' म्हणजे चांगलंच. ४.

बालाघाट : आणि 'बरा आहे, पण…' म्हणतात तेव्हा? प्रत्येक वेळी पाचही पर्याय वाचून दाखवा. 'बरं' पर्यायांत नकोच.

दुधना : त्याहून मोठी चूक १५व्या प्रश्नात होते. 'कितपत चालता-फिरता येतं?' असं लिहिलंत, तर तीनचाकीवर बाजार करणारा माणूस 'चालता येत नाही' म्हणून १ देतो. 'हवं तिथं ये-जा कितपत करता येते?' विचारलं की तोच ४ देईल. शारीरिक भागात ७ प्रश्न. एकात ३ गुणांचा फरक पडला तर त्या भागाचे शंभरच्या मापावर जवळपास ११ गुण हलतात. दुखणं, उपचारांची गरज आणि उदासी, म्हणजे ३, ४ आणि २६ हे प्रश्न उलटे, त्यांत आकडा जास्त तितकं वाईट; मिळालेला आकडा ६ मधून वजा करून मगच सरासरी काढा.

मांजराकाठ : 'हिंडता-फिरता' जास्त आपलं वाटतं, ताई.

दुधना : बाईला 'हिंडता का' विचारून बघा, पुढचं एक उत्तर मिळणार नाही. 'ये-जा'च ठेवा.

बालाघाट : 'अपंग' तरी शुद्ध आहे का? अ + पंगू म्हणजे पंगू नसलेला!

मांजराकाठ : अप + अंग असेल.

बालाघाट : त्याचा संधी 'अपांग' होतो, आणि संस्कृतात अपांग म्हणजे डोळ्याचा कोपराही. 'दिव्यांग' लिहा.

दुधना : निवडीच्या, म्हणजे प्रश्नावली कोणाला वाचायची ते ठरवणाऱ्या प्रश्नात दोन्ही नकोत. दिसायला, ऐकायला, चालायला, लक्षात ठेवायला, स्वतःचं आवरायला, बोलणं समजायला-समजवायला किती अडचण येते, एवढंच विचारा. पर्याय चार : काहीच नाही, थोडी, खूप, अजिबात जमत नाही. नाव लावलं की पेन्शनची यादी समजून उत्तरं बदलतात. आणि उत्तर कोणत्या दिवसांबद्दल द्यायचं ती मुदत 'गेला पंधरवडा' लिहिलीय का? मूळ मुदत आजपासून मागचे दोन आठवडे आहे.

मांजराकाठ : पंधरवडा म्हणजे तेच की.

बालाघाट : पंधरवडा अमावस्या-पुनवेला बदलतो. 'गेला पंधरवडा' म्हणजे सरलेला पक्ष; चालू पक्षातले दिवस सुटतात.

दुधना : गावचा आठवडी बाजार धरा : 'आजपासून मागं, दोन बाजार होतात तेवढ्या दिवसांत.'

बालाघाट : हे प्रमाणभाषेत छापायचं कसं?