राजदूत ३५०: गरम झाली की डावा सिलेंडर बंद, शोधायचं कुठून?

बाबांची_राजदूत (पुणे):
नमस्कार मंडळी, बाबांची १९८७ची राजदूत ३५० आहे, दोन सिलेंडरची टू-स्ट्रोक मोटरसायकल. बाबा गेल्यानंतर सहा वर्षं पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी होती, यंदा ठरवलं की काहीही होवो हिला रस्त्यावर आणायचीच. थंड असताना दोन किकमध्ये चालू होते, आवाजही अगदी तोच जो लहानपणी ऐकायचो. पण सिंहगड रोडला ८-१० किलोमीटर गेलं की अचानक पिकअप मरतो, मिसिंग (मधेमधे स्फोट चुकणं) चालू होतं आणि मग सरळ एकाच सिलेंडरवर चालते, डाव्या सायलेन्सरमागे हात धरला तर नुसती गार हवा. वीस मिनिटं उभी केली की परत झकास, आणि थोडं पुढे गेलं की परत तेच. डावा प्लग काढला तर काळा आणि पेट्रोलने ओला, उजवा मात्र छान कॉफी रंगाचा. नवीन प्लग टाकून झाले. गॅरेजवाल्याने दोन वेळा कार्बोरेटर साफ केले, जेट बदलले, आता म्हणतो बोअर करावा लागेल, म्हणजे सिलेंडर आतून घासून मोठा करायचा. दोन दिवसांत इंजिन उतरवणार म्हणतोय, त्याआधी कुणीतरी नीट सांगा प्लीज.

टूस्ट्रोकवाला:
दादा इंजिन अजिबात उतरवू देऊ नका! बोअर घासलेला असता तर वीस मिनिटांत बरा झाला असता का? प्लग ओला आहे म्हणजे पेट्रोल पोचतंय, जळत नाहीये. म्हणजे पहिला संशय करंटवर, प्लगच्या ठिणगीवर. एकदा फ्लोटची सुई (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी) अडकून कार्ब ओव्हरफ्लो होत नाही ना तेवढं बघा, पण तसं असतं तर थंड गाडीलाही त्रास दिला असता.

या गाडीची सगळ्यात चांगली गोष्ट अशी की प्रत्येक सिलेंडरला पॉइंट (ठिणगीच्या क्षणी करंट तोडणारा स्विच) वेगळा, कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा पार्ट) वेगळा, कॉइल (प्लगला जोरदार करंट देणारी) वेगळी. म्हणजे उजवी बाजू चांगली चालतेय ना, मग तिचेच पार्ट डावीकडे लावून बघायचे, एक पैसा खर्च नाही. आधी प्लग कॅप अदलाबदल करा, मग कॉइल. कॉइलच्या वेळी एक लक्षात ठेवा, पॉइंटकडून येणारी वायर आणि प्लगकडे जाणारी वायर दोन्ही बदलायच्या. एकच बदलली तर डावा पिस्टन वर असताना करंट उजवीकडे जाणार आणि गाडी चालूच होणार नाही, मग उगाच वाटतं की काहीतरी मोडलं. फॉल्ट उजवीकडे सरकला तर कॉइल गेली. डावीकडेच राहिला तर पॉइंट नाहीतर कंडेन्सर.

आणि करंट बघताना प्लग हेडला नीट टेकवून ठेवा, हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका, कॉइलवर ताण येतो. तिथे सांडलेलं पेट्रोल असेल तर आधी पुसा, जवळून भडका उडालेला पाहिलाय मी.

कोल्हापूरकर_काका:
वरच्या भावानं बरोबर सांगितलंय. आमच्याकडं ही गाडी नवीन होती तेव्हापासून बघतोय, गरम झाल्यावर एक सिलेंडर सोडायचा आणि गार झाला की धरायचा, हे दहात आठ वेळा कंडेन्सर नाहीतर कॉइल. अंधार पडल्यावर डावीकडचं कव्हर काढा, गाडी चालू करा आणि पॉइंटकडं बघत राहा. चांगल्या पॉइंटवर बारीक ठिणगी दिसते, कधी दिसतही नाही. कंडेन्सर गेला असला की पॉइंटवरच मोठी निळी ठिणगी नाचते, आणि पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा, दुसऱ्यावर टेकाड झालेलं असतंय. नवीन कंडेन्सर घेताना जुन्या साठ्यातला पडून राहिलेला घेऊ नका, तो बसवल्याबसवल्या मरतो.

सील_तपासा:
एक काळजीची गोष्ट सांगतो, गाडी सहा वर्षं उभी होती म्हणून. क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे) ऑइल सील कडक होतात. उजवं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं, धूर खूप होतो आणि प्लग सारखा शॉर्ट होतो. डावं गेलं तर बाहेरची हवा आत जाते, रेस सोडली तरी इंजिनचा वेग खाली येत नाही आणि प्लग पांढरा पडतो. पांढरा प्लग दिसला तर एक किलोमीटरही चालवू नका, पिस्टन जाम होईल. तुमचं लक्षण तसं नाहीये, तरी प्लग बघत राहा. आणि एका सिलेंडरवर घरी आणायचा हट्ट नको, टेम्पोत टाका.

बाबांची_राजदूत (पुणे):
मंडळी, सापडलं!! काल रात्री पार्किंगचा दिवा बंद करून बसलो, मुलाने मोबाइलचा टॉर्च फक्त स्क्रू काढताना धरला. कॉइल बदलून आधी एक चक्कर मारून आलो होतो, फॉल्ट डावीकडेच राहिला. मग कव्हर काढून बघितलं तर काकांनी सांगितलं तसंच, उजवा पॉइंट शांत आणि डाव्यावर निळी ठिणगी चटचट उडत होती. आज नाना पेठेतून दोन्ही कंडेन्सर आणि पॉइंट आणले, फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) पॉइंटचा गॅप ०.३५ मिलिमीटर ठेवला, टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडायची ते) एका मित्राने प्लगच्या भोकात पिस्टनची उंची मोजणारं डायल गेज लावून करून दिलं. संध्याकाळी दिवे घाट चढून सासवडला जाऊन आलो, एकदाही सिलेंडर सोडला नाही. घाटात वर थांबून दोन्ही सायलेन्सरमागे हात धरला, दोन्हीकडून सारखी गरम हवा. डोळ्यांत पाणी आलं हो. फक्त अगदी हळू चालवताना थोडी झटके देतेय, ते काय असेल?

टूस्ट्रोकवाला:
वा दादा, वाचून फार बरं वाटलं! झटक्यांचं म्हणाल तर कार्ब दोन वेळा खोललेत, केबलची सेटिंग हललेली असणार. एअर फिल्टरची नळी काढा, दोन्ही कार्बच्या तोंडात एकेक बोट घालून स्लाइडला (ॲक्सिलेटरने वर उचलली जाणारी आतली झडप) हलकं टेकवा आणि कुणालातरी हळूच ॲक्सिलेटर फिरवायला सांगा, दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एक मागे राहिली तर त्या बाजूची केबल ॲडजस्ट करा. त्याच केबलची एक फांदी ऑइल पंपाला (इंजिनला टू-स्ट्रोक ऑइल देणाऱ्या) जाते, तिथली खूणही जुळतेय ना बघा, ते विसरू नका.