बासरी वाजेना, तोवर तबला धरू का?

नवशिका_फुंक्या:
मंडळी, घरात गाण्याबजावण्याचा कुणालाच गंध नाही पण सनई-संबळ कानावर पडलं की माझे पाय तिथेच थांबतात. खर्जातला आवाज आवडतो म्हणून हौसेने लांबलचक बासरी घेतली, पंधरा दिवस फुंकतोय, नुसती हवा जाते नाहीतर मधेच किंचाळते, आणि दहा मिनिटांत डोकं गरगरतं. भावाचा तबला माळ्यावर पडलाय, तो आधी शिकू का? दोन्ही एकदम केलं तर? आणि तबल्यावरचं ते काळं गोल नक्की कशाला असतं?

सहा_भोकं:
लांब घेतलीस तिथेच फसलास 😀 बासरीवादक पन्नालाल घोषांनी ख्यालातला (शास्त्रीय गायकीतला) खर्ज मिळावा म्हणून साधारण 32 इंची बासरी आणली, ती मैफलीसाठी रे, नवख्याची बोटं तेवढी फाकत नाहीत. जी स्केलची, म्हणजे जी (G) सुराची छोटी बासरी घे, भोकं जवळ असतात. गरगरतं कारण तू जोर लावतोयस. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकून घुमवतो ना, तेवढीच बारीक फुंकर, अर्धी आत अर्धी बाहेर. आधी सगळी भोकं उघडी ठेवून आवाज काढ, मग वरून एकेक झाक. वरची तीन बंद केली की सा, सहाही बंद म्हणजे खालचा प. थांबलास की बोटं बघ, भोकाचा वळ पूर्ण गोल उमटला पाहिजे, अर्धचंद्र दिसला तर तिथून हवा निसटतेय.

धा_धिं_धिं_धा:
त्या काळ्याला शाई म्हणतात, लोखंडाची पूड आणि खळ यांचे थरावर थर घोटून बसवतात. साध्या कातड्यातून निघणारे वरचे नाद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून नुसतं धप्प ऐकू येतं, शाईच्या वजनाने ते नाद सुराच्या प्रमाणात येतात आणि तबला चक्क षड्जात (सा मध्ये) लागतो. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली 'नेचर'मध्ये यावर लिहिलंय, म्हणजे तुझा प्रश्न काही बावळट नाही. माळ्यावरच्या तबल्याचा सूर उतरलेला असणार, गजऱ्यावर (कडेच्या वेणीसारख्या कातडी गोलावर) वरून हलके ठोक दिले की चढतो, खालून दिले की उतरतो, पण एकाच जागी बडवू नकोस, सगळीकडून सारखा फिरव नाहीतर पुडी (वरचं कातडं) फाटेल. आणि हात लावण्याआधी बोल, म्हणजे धा, ना, गे असली तबल्याची अक्षरं, तोंडाने म्हण. धा म्हणजे उजव्या तबल्याचा ना आणि डाव्या डग्ग्याचा गे एकदम, हे तोंडात बसलं की हातात लवकर येतं. दोन्ही वाद्यं एकदम शिकू नकोस असं माझं मत.

सहा_भोकं:
मला नाही पटत. तबला वाजवू नको म्हण हवं तर, पण तीनतालाच्या 16 मात्रा हातावर मोजायला काय जातं? 1, 5, 13 व्या मात्रेला टाळी, 9 व्या मात्रेला 'खाली', म्हणजे टाळी न देता नुसता हात हलवायचा. बासरीवाले लयीतच मार खातात, मी स्वतः दोन वर्षं खाल्लाय.

काडीवाला:
संबळाचं कुणी बोलेना म्हणून लिहितो. दोन भांडी जोडलेली, दोन काड्यांनी वाजवतात, त्यातली एक टोकाला वाकडी असते. बोटांचं काम नाही, सगळा खेळ मनगटाचा, त्यामुळे तबल्याचा रियाज इथे फारसा कामी येत नाही. सनईला तर हात लावूच नकोस इतक्यात, ती दुहेरी पत्ती ओठात धरताना तुझी बासरीची गरगर काहीच नाही वाटणार.

नवशिका_फुंक्या:
आत्ताच वाजवून बघितली. डाव्या हाताच्या अनामिकेवर अर्धचंद्र!! उगाच फुंकरीला दोष देत होतो. छोटी बासरी बघतो आता, तबला राहू दे माळ्यावर.

धा_धिं_धिं_धा:
माळ्यावर नको रे, कातडं आहे ते, उंदीर सोडणार नाहीत.